उपवासाच्या बिस्किटातलं दूध

लाझारोसचा शनिवार, ईस्टरला आठ दिवस, दुपार

दुकानाच्या दारात माझा फोटो चिकटवलाय, स्ताथिस. ट्रॉल्या ठेवतात तिथं, हरवलेल्या कुत्र्याच्या फोटोशेजारी. डोक्याला रुमाल बांधलेली मी, हातात परात, दात काढून हसतेय, आणि खाली लाल अक्षरात इंग्रजीतून काय काय लिहिलंय. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण लाल अक्षराचा अर्थ गाढवालाही कळतो. येणारा जाणारा आधी फोटोकडे बघत होता, मग माझ्याकडे. एका बाईनं तर आपल्या पोराला दंडाला धरून माझ्यापासून लांब नेलं. आणि तू तिकडे पर्थला सासूच्या अंगणात कॉफी पीत बसलायस.

हं. आता विचारते. बरा आहेस ना? वासो बरी आहे? विहीणबाईंचा गुडघा कसा आहे?

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. तिसरीत असताना बापानं मला शाळेतून काढून शेळ्यांमागे पाठवलं, तेव्हा शुद्धलेखनाला हसू नकोस. पिवळ्या पाकिटात घालून टाकते, ते लवकर पोचतं म्हणतात.

दवाखान्यात तू उशिरा आलास, आधीचं काही पाहिलं नाहीस. तर ऐक. गुरुवारी एडी नेहमीसारखी शाळेतून माझ्याकडे आली. आल्या आल्या दप्तर दारात टाकलं आणि म्हणाली, "याया, बिस्किट." आपली नातवंडं पर्थला आजोळी वाढली, मला आजी म्हणायला शेजारची गोरी पोर उरली, ते असो. तू बुधवारी आणून दिलेलं पाकीट फोडलं. एक तिनं खाल्लं. दुसरं तोंडात असताना म्हणाली, "याया, माझी जीभ मोठी झाली." मी हसले. म्हटलं, बोलून बोलून झाली असेल. मग तिच्या ओठाकडे बघितलं.

दप्तरातली ती ॲलर्जीची सुई मीच मारली. तिच्या आईनं, कर्स्टीनं, संत्र्यावर मारून शिकवली होती, तसं मांडीवर धरलं आणि दाबलं. माझा हात चुकला नाही. मग अँब्युलन्सवाला "कुठलं खाणं, कुठलं खाणं" विचारत होता आणि मी पाकीट पुढे केलं. पाकिटावर मीच.

कर्स्टीनं पहिल्यांदा ही बिस्किटं बघितली तेव्हा ती घाबरली होती, आठवतं? पोरीला दुधाचा थेंब चालत नाही, श्वास कोंडतो. तेव्हा मी तिला माझ्या तुटक्या इंग्रजीत समजावलं होतं. ही उपवासाची. ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात आम्ही ग्रीक दूध खात नाही, लोणी नाही, अंडं नाही. मैदा, तेल, संत्र्याचा रस, साखर, दालचिनी. बाकी काही घातलं तर आमच्या बायका मला चर्चमध्ये उभं करणार नाहीत. ती म्हणाली, पण पाकिटावर लिहिलंय का? मी म्हटलं, पाकिटावर मी आहे ना. तेव्हापासून तिनं एडीसारख्या पोरांच्या किती आयांना सांगितलं. त्या सगळ्या आपल्याकडून घेऊ लागल्या. तूच म्हणायचास, "आई, आपला उपवास परक्यांच्या लेकरांना पावला."

माझ्या मते हे गिरणीवाल्याचं काम आहे. मैद्यात काहीतरी भेसळ केली असणार. त्याला सोडू नकोस, कोर्टात ओढ. तुझ्या बापानं असल्या माणसाची पोती रस्त्यावर ओतली असती.

तू दवाखान्यात म्हणालास, "आई, तू दमलीयस, घरी जा, सगळ्यांशी मी बोलतो." बरं वाटलं हो मला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी म्हणालं, तू घरी जा. गेले. दुसऱ्या दिवशी रात्री कळलं, तू वासोला घेऊन विमानात बसलास. तोंड दाखवायची लाज वाटली असेल असं मी सगळ्यांना सांगितलं. स्वतःलाही.

एक गोष्ट मला कळली नाही ती विचारते. आज लाझारोसच्या पावाच्या बाहुल्या चर्चमध्ये नेल्या. मंगळवारी तुझ्या कारखान्यात येऊन दरवर्षीप्रमाणे मळल्या होत्या, हात छातीवर दुमडलेले, डोळ्यांच्या जागी लवंगा. पोरं धावत आली आणि आयांनी मागे खेचली. एकीनंही उचलू दिली नाही. परात जशी नेली तशी परत आणली. बिस्किटाचं ठीक, पण या पावाला कोणाचं काय झालं? पाद्रीबाबांनी एक खाल्ली, तीसुद्धा मी बघतेय म्हणून.

यंदाची बिस्किटं मऊ होती, हे मी तुला सांगितलं होतं ना? म्हटलं होतं, माझ्या कवळीनं तुला आशीर्वाद दिला. नवा मैदा असणार. त्या गिरणीवाल्याला सोडू नकोस.

फोन कर. तू कर, वासोला लावू नकोस.

आई

झावळ्यांचा रविवार, मासे खाऊन झाल्यावर

मासे खाल्ले असं लिहिलं. तळले होते, खाल्ले नाहीत. मांजरानं खाल्ले.

कालचं पाकीट टाकून आले आणि आज हे लिहायला बसले. तुझं उत्तर येईपर्यंत थांबायला पाहिजे होतं. थांबवत नाही.

आज चर्चच्या पायरीवर कलिरोई माझ्याजवळ आली. हातातली झावळी माझ्या खांद्याला लावली आणि आवाज असा खाली केला, जसं मढ्यापाशी करतात.

"गारिफालिया, मनाला लावून घेऊ नकोस. वय झालं की होतं गं. माझी आई शेवटी शेवटी कॉफीत मीठ घालायची."

"मी कशात काय घातलं?"

"लोण्याचं म्हणतेय मी."

"कुठलं लोणी?"

मग तिनं आजूबाजूला बघितलं. म्हणजे आता जे सांगणार ते आधीच सगळ्यांना माहीत आहे. तिची सून तुझ्याकडे पाकिटं बांधते. शुक्रवारी सकाळी सरकारी इन्स्पेक्टरबाई कारखान्यात आल्या, आणि तू त्यांना सांगितलंस म्हणे, माझी म्हातारी आई मंगळवारी बाहुल्या करायला आली होती. तिनं त्याच यंत्रात ईस्टरची लोण्याची कणीकही मळून टाकली. तिला हल्ली आठवत नाही, गोंधळते. यंत्र धुतलं गेलं नाही, आणि बुधवारच्या बिस्किटांत ते लोणी गेलं. फक्त बुधवारच्या.

"आम्ही कोणी तुला बोल लावत नाही," कलिरोई म्हणाली. "पण काय गं, उपवास चालू असताना लोणी हातात घ्यायचं? इतकं विसरलीस?"

स्ताथिस, मी त्या पायरीवर उभी होते आणि मला पहिल्यांदा राग आला तो तुझा नाही, कलिरोईचा. कारण लोण्याची कणीक मोठ्या गुरुवारी मळतात, ईस्टरला तीन दिवस उरले की. मळतात की नाही? कोस बेटावर माझी आई गुरुवारी मळायची, तिची आई गुरुवारी मळायची, कलिरोईसुद्धा गुरुवारीच मळते, मी बघितलंय. अंडी लाल रंगवायची आणि लोण्याला हात लावायचा तो गुरुवारी. त्याआधी घरात लोणी असेल तर ते मांजराच्यासुद्धा नजरेस पडू देत नाही आपण. मंगळवारी, लाझारोसच्याही आधी, गारिफालियानं लोणी मळलं? हे इंग्रजांना सांगितलंस ते ठीक, त्यांना काय कळतंय. पण आपल्या बायकांनी विश्वास कसा ठेवला? मी इतकी वर्षं त्यांच्याशेजारी उभी राहिले ती कशाला?

मी तिला म्हटलं, "कलिरोई, तू तुझी झावळी घे आणि घरी जा, नाहीतर आज येशू गाढवावरून आला तसं मी तुला त्याच गाढवावर बसवून परत पाठवीन."

ती म्हणाली, "बघ, असं चिडणंसुद्धा त्यातलंच असतं म्हणतात."

घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं की कलिरोईच्या सुनेनं तिखटमीठ लावलं असणार. तू असं बोलणार नाहीस. तू गिरणीवाल्याचं नाव घेतलं असशील, तिनं ते मुरडलं असेल.

मग कुंपणापाशी कर्स्टी आली. एडी काल संध्याकाळी घरी आलीय. बरी आहे, आवाज अजून घोगरा आहे, सारखी पाणी मागते. मी विचारलं, बघू का? कर्स्टीनं माझा हात धरला. डोळ्यांत पाणी. म्हणाली, "गारिफालिया, मी तुमच्यावर रागावलेली नाही. स्ताथिसनं मला दवाखान्यातच सगळं समजावलं. तुम्ही मुद्दाम केलं नाहीत. मी तुम्हाला माफ केलंय. पण एडीला आता तुमच्याकडे ठेवता येणार नाही, तुम्ही समजून घ्याल."

माफ केलंय.

आयुष्यात मला लोकांनी शिव्या दिल्यात, तुझ्या बापाच्या आईनं तर ताट भिंतीवर फेकलं होतं. त्यातलं काही अंगाला चिकटलं नाही. पण ही भली पोर मी न केलेल्या गोष्टीची मला माफी देऊन गेली आणि मी "थँक्यू" म्हणाले. तोंडातून आलं. इंग्रजी येत नसलं की तोंडाला तेवढंच येतं.

तू तिला दवाखान्यात सांगितलंस. म्हणजे मला घरी जा म्हणालास, आणि मी दारातून बाहेर पडले, आणि मग.

सुई मारली तो हात गोंधळलेला होता का रे?

लिही मला, की असं झालं नाही. खोटं लिहिलंस तरी एक दिवस चालेल.

मोठा मंगळवार, सकाळ

काल सकाळी थेमिसकडे गेले. बस बदलून गेले. तुझ्या बापाच्या वेळेपासून कणकेच्या यंत्रापाशी आहे, त्याला विचारायचं म्हटलं. दार त्यानं अर्धंच उघडलं.

"मावशी, बरं नाही मला."

"दिसतंय. बाजूला हो."

स्वयंपाकघरात बसले. त्यानं कॉफी टाकली, दोनदा उतू घालवली. मी विचारलं, यंत्र मंगळवारी कोणी धुतलं? म्हणाला, मीच धुतलं, तुमच्यासमोर. मी लोणी मळलं? नाही मावशी. मग लोणी आलं कुठून? लोणी नाहीच मावशी, म्हणाला, आणि मग रडायला लागला. पुरुष रडले की मला कंटाळा येतो. मी कॉफी संपवली तोवर त्याचं झालं.

पोती आलीयत म्हणाला. जानेवारीपासून. तयार पावडर, तेलाची बिस्किटं कडक होऊ देत नाही, महिनोन् महिने मऊ ठेवते. त्या मोठ्या दुकानांना मऊ पाहिजे होती म्हणून तू आणलीस. पोत्यावर मोठ्या अक्षरात दूध लिहिलंय. थेमिसनं तुला दाखवलं. तू म्हणालास, "चिमूटभर जातं, त्यानं काय होतंय." त्यानं विचारलं, मग पाकिटावर? तू म्हणालास, जुनी पाकिटं एवढी छापून पडलीयत ती संपू देत, मग नवी छापू.

जानेवारीपासून, स्ताथिस. आणि परत घेतलीस फक्त बुधवारची.

मला आधी वाटलं होतं तू घाबरून खोटं बोललास. पोरं घाबरून बोलतात. आता कळलं की हिशेबानं बोललास. आई गोंधळली तर एक दिवसाचा माल परत घ्यावा लागतो. तू खरं बोललास तर सगळाच. आईच्या डोक्यात बिघाड आहे हे स्वस्त पडलं.

आणि मोठ्या उपवासाचा सगळा काळ मी रोज सकाळी कॉफीबरोबर तीच दोन खाल्ली. तू आणून द्यायचास. दारात उभा राहून म्हणायचास, "खा आई, तुझ्यासाठी ताजी." मी ती खाऊन दर रविवारी ख्रिस्तप्रसाद घेतला. काल पाद्रीबाबांना जाऊन विचारलं. म्हणाले, नकळत घडलं, पाप नाही. म्हटलं, पाद्रीबाबा, पापाचं मी विचारायला आले नाही, ते मी माझं बघीन. पोटच्या पोरानं देवाच्या दारात आईला उष्टं तोंड घेऊन उभं केलं, याला तुमच्या पुस्तकात काय म्हणतात? ते दाढीवरून हात फिरवत बसले. त्यांच्या पुस्तकात नसणार.

थेमिसचंही ऐक. उपवासाच्या पहिल्या आठवड्यात तो माझ्याकडे आला होता, बशीतलं बिस्किट त्यानं घेतलं नाही. साखर वाढलीय म्हणाला. काल मी विचारलं, खरंच वाढलीय? मान खाली. म्हणजे त्यानं स्वतःचा उपवास सांभाळला आणि माझा मोडू दिला. मी उठले तेव्हा म्हणाला, "मावशी, माझं नाव घेऊ नका, निवृत्तीला थोडंच राहिलंय." म्हटलं, तू इतकी वर्षं माझ्या हातचं जेवलास, ते तेवढं परत कर मग नाव घेत नाही.

तिथून दुकानात गेले. फोटो अजून आहे. पण आत फळीवर बघते तर मीच मी, एकावर एक रचलेली. मागच्या महिन्याची, त्याच्या मागच्या महिन्याची. हसतेय. मी ट्रॉली आणली आणि सगळी त्यात भरली. मग आडवी लावून ट्रॉलीसमोर उभी राहिले.

एक पोरगी आली. नंतर टाय लावलेला एक जण आला.

"बाई, एवढी सगळी घेणार आहात का?"

"नाही. कोणी घेणार नाही. आत दूध."

"बाई, परत घेतलेली फक्त एका तारखेची आहेत. ही चांगली आहेत."

"नाही चांगली. मी सांगते."

"तुम्ही कोण?"

मी एक पाकीट उचललं आणि तोंडाशेजारी धरलं. तो बघत राहिला. पोरगी हसायला लागली आणि मग एकदम थांबली. त्यानं विचारलं कारखान्याचं काही पत्र आहे का. म्हटलं, पत्र नाही, मी आहे. तो म्हणाला, तसं चालत नाही, वरून सांगायला लागतं. मग मला खुर्ची आणून दिली, पाणी दिलं आणि कोणाला तरी फोन करून म्हणाला, इथं एक गोंधळलेल्या आजीबाई आहेत. तेवढं इंग्रजी मला आता पाठ झालंय.

पाकिटं परत फळीवर लावली त्यांनी. माझ्या देखत. एका बाईनं दोन उचलली. तिच्या ट्रॉलीत एक पोर बसलेलं होतं, पाय हलवत. मी ओरडले, तिनं घाईनं ट्रॉली वळवली.

आज सकाळी तुझा फोन आला. म्हणजे वासोचा. पहिलं पत्र मिळालं म्हणे. गोड बोलते तुझी बायको, मधात बुडवून.

"आई, गुरुवारी इन्स्पेक्टरबाई तुम्हाला भेटायला येणार आहेत. तुम्ही घाबरू नका."

"मी कशाला घाबरू?"

"काही सांगायचं नाही. एवढंच म्हणायचं, मला आठवत नाही. म्हाताऱ्या माणसाला कोणी काही करत नाही आई. तुम्हाला काही होणार नाही, आणि कारखाना वाचेल. एवढ्या लोकांची पोटं आहेत त्यावर."

"तो आहे का तिथं?"

"त्याला बरं नाही."

"शेजारी उभा आहे ना? श्वास ऐकू येतोय मला त्याचा. लहानपणी दमा होता त्याला, तो श्वास मी ओळखत नाही होय?"

श्वास ऐकू येत राहिला. मी वाट बघितली. तू बोलला नाहीस.

मी ठेवला.

मोठा गुरुवार, संध्याकाळी चर्चला जाण्याआधी

आज लोणी बाहेर काढलं नाही. अंडीही रंगवली नाहीत. टोपल्यात पांढरीच आहेत.

इन्स्पेक्टरबाई आल्या, तुझ्या मुलीच्या वयाची पोर, बूट बाहेर काढून आली. मला आवडली. फोन टेबलावर ठेवला, त्यातून दुभाषी बोलणार. दुभाषी निघाली सायप्रसची. तिची बोली म्हणजे आपली बोली पाण्यात पडून सुजल्यासारखी, पण चाललं असतं. पोरीनं विचारलं, त्या मंगळवारी काय काय केलंत, आठवतं का?

वासोनं सांगितलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं, स्ताथिस. हे तुला कळू दे. तू बोलला नाहीस तरी तुझा श्वास कानात होता. तुला दम्याचा झटका आला की मी तुला छातीवर घेऊन उभ्यानं भिंतीला टेकून राहायची. एक वाक्य म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर बाईंनी लिहून घेतलं असतं, चहा पिऊन गेल्या असत्या, आणि तू ईस्टरला लाल अंडं फोडायला आला असतास.

मग ते ट्रॉलीतलं पोर आठवलं, पाय हलवणारं. त्याला दूध चालतं की नाही, मला काय माहीत. त्याच्या आईलाही माझ्या पाकिटाकडे बघून कळणार नव्हतं.

मी म्हणाले, "मला सगळं आठवतं. माझा मुलगा खोटं बोलतो."

फोनमधली सायप्रसची इंग्रजीत म्हणाली, कदाचित त्यांच्या मुलाचा गैरसमज झाला असावा.

तेवढं इंग्रजी मला कळतं. मी टेबलावर हात आपटला. "ए बाई, मी गैरसमज म्हटलं नाही. मी खोटं म्हटलं. खोट्याला तुझ्या इंग्रजीत शब्द नाही का?"

मग ती म्हणाली, "आजी, तुमचा मुलगा आहे म्हणून मी जरा..."

"माझा आहे, तुझा नाही. सरळ सांग."

तिनं सरळ सांगितलं. इन्स्पेक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि परत उचललं. मी सगळं सांगितलं. पोती, जानेवारी, जुनी पाकिटं, थेमिस. मोठ्या गुरुवारचंही सांगितलं, आपल्यात लोणी कधी मळतात ते. ते तिनं दोनदा विचारून घेतलं. म्हणाली, मग उपवासाच्या सहाव्या आठवड्यात तुम्ही लोणी मळणं शक्यच नाही? मी म्हटलं, पोरी, कोणत्याही ग्रीक म्हातारीला रस्त्यात थांबवून विचार. नुसतं विचारलंस तरी ती तुला मारायला धावेल.

दुपारी तिचा फोन आला, त्याच सायप्रसच्या तोंडून. जानेवारीपासूनची सगळी बिस्किटं परत मागवलीत, सगळ्या गावांतून. रेडिओवरही सांगणार आहेत. कारखान्याला कुलूप. पोती जप्त. सायप्रसचीनं शेवटी स्वतःहून विचारलं, "आजी, घरात कोणी आहे का तुमच्या सोबतीला?" मी म्हटलं, मांजर आहे.

तुझ्या बापानं रात्रंदिवस खपून उभी केलेली भट्टी आज थंड झाली. मी विझवली. कलिरोईच्या सुनेचं काम गेलं, थेमिसचं गेलं. पाठोपाठ कलिरोई दारात येऊन बोलून गेली, की पोटच्या पोराला कोणी असं बुडवतं का. परवापर्यंत मी गोंधळलेली होते म्हणून बरी होते. आता डोकं ठिकाणावर आहे म्हणून वाईट. मी तिला दारातच ठेवलं, तिचंही चुकलं नाही, सून घरी बसली तर चूल तिलाच बघायची आहे.

तू म्हणशील आईनं दगा दिला. म्हण. पण मग आधी कोणी कोणाला दिला, तो क्रम नीट लाव.

उन्हं कलल्यावर मी कर्स्टीच्या दारात गेले. कुंपणावरून नाही, दारात. तिनं दार उघडलं, मागे एडी, अंगात झोपायचे कपडे. माझ्याकडे धावली, कर्स्टीनं हात आडवा घातला. मी म्हटलं, राहू दे, मी आत येत नाही. मग माझ्या तुटक्या इंग्रजीत सांगितलं. मी गोंधळलेली नाही. मी लोणी घातलं नाही. जानेवारीपासून दूध होतं, माझ्या मुलाला माहीत होतं. तुझी माफी मला दिलीस, ती परत घे, ती माझी नाही.

कर्स्टीचा चेहरा कसा झाला ते लिहिता येत नाही मला. तिनं तुझ्याबरोबर दवाखान्यात कॉफी प्यायली होती म्हणे, तुझा हात धरून तुलाच धीर दिला होता. आता तो हात ती आपल्या कपड्याला पुसत होती, सारखी.

तेवढ्यात तिच्या मागून एडीनं डोकं काढलं. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "याया, स्ताथिसला माहीत होतं ना मला दूध चालत नाही? मी त्याला सांगितलं होतं. त्याच्या गाडीत."

कर्स्टी माझ्याकडे बघत होती. पोरगी माझ्याकडे बघत होती. मला शब्द येत होते, ग्रीकमध्येही आणि इंग्रजीतही. मी बोलले नाही. आयुष्यभर तुझं उत्तर मी देत आले, शाळेत मी, तुझ्या बापासमोर मी. हे माझ्याच्यानं होणार नाही.

तेव्हा आता नीट वाच. मला पत्र लिहू नकोस. वासोला फोनवर बसवू नकोस. वकिलाकडून कागद पाठवू नकोस. विमानात बस, ये, माझ्या घरी आधी येऊ नकोस, शेजारच्या दाराची घंटा वाजव. ती पोर सहा वर्षांची आहे, तेव्हा गुडघ्यावर बस, म्हणजे तिला मान वर करावी लागणार नाही. तिनं विचारलंय. उत्तर तू द्यायचंस, तुझ्या तोंडानं, तिच्या आईच्या देखत.